हॉट हॅचबॅक: जीव अजून तिच्यातच अडकलाय, पण भाव कुठे गेले बघा

घाटवाट

नमस्कार मंडळी. हॉट हॅच, म्हणजे रोजच्या छोट्या हॅचबॅकचीच जास्त ताकदीची वेगवान आवृत्ती, ह्यावर हा धागा बरेच दिवस काढायचा होता, गेल्या रविवारी निमित्त मिळालं. ओळखीच्या एका काकांनी नवीन फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय घेतलीये, त्यांनी स्वतःहून किल्ली हातात ठेवली आणि म्हणाले जा, पौडपर्यंत जाऊन ये. गेलो. २ लिटर टर्बो, २६५ पीएस (म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच), ३७० एनएम टॉर्क, शून्य ते शंभर ५.९ सेकंदात. गाडी जबरदस्त आहे ह्यात वादच नाही, पिरंगुटच्या चढाला अशी ओढून नेते की पोटात खड्डा पडतो. पण परत येऊन किल्ली दिली, खाली लावलेल्या माझ्या २०१४ च्या पोलो जीटी टीएसआयमध्ये बसलो आणि घरी येईपर्यंत डोक्यात एकच, ह्या दोन गाड्यांच्या मध्ये आज काहीच का नाहीये?

पोलो जीटी एप्रिल २०१३ ला आली तेव्हा एक्स-शोरूम ७.९९ लाख. गोल्फ जीटीआय मे २०२५ ला आली ती ५३ लाखाला, पहिल्या खेपेत फक्त १५० गाड्या आणि त्यासुद्धा किंमत कळायच्या आधीच बुक होऊन संपल्या. म्हणजे घेणारे आहेत. पण मी त्यातला नाही आणि इथले बरेच जण नसतील.

माझ्यासाठी हॉट हॅच म्हणजे घरातली एकमेव गाडी. तीच ऑफिसला जाते, तीच भाजी आणते, आईला डॉक्टरकडे नेते, आणि शनिवारी पहाटे साडेपाचला तीच ताम्हिणीतून माणगाव-महाडमार्गे चिपळूणला पोचवते आणि त्या चार तासात आठवडाभराचा शीण जातो. दुसरी गाडी, वेगळी 'शौकाची' गाडी हे मला कधी परवडलं नाही, परवडणारही नाही. एका गाडीत दोन्ही बसवायचं ही ह्या प्रकाराची खरी गंमत होती ना? तीच आता आपल्या आवाक्यातून गेली असं मला वाटतंय. तुम्हाला काय वाटतं ते लिहा, आणि कुठली चालवली, कुठली विकली, कुठली विकून पस्तावलात तेही लिहा.

जुनीपॅलिओ

घाटवाट, चांगला विषय काढलात. विकून पस्तावलो त्यातला मी, आयडीवरून कळलंच असेल.

२००२ ची फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स. १०० हॉर्सपॉवर, तेव्हा ह्या आकाराच्या गाडीत कोणी देत नव्हतं. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, मी तेव्हा चेंबूरला राहायचो, कारखाना घरापासून हाकेच्या अंतरावर ह्याचंच मला कोण अप्रूप. जाहिरातीत सचिन. लोक म्हणायचे शहरात आठ-नऊचा ॲव्हरेज देते, घेऊ नकोस. द्यायचीच तेवढा. पण दार लावल्यावर जो आवाज यायचा ना, तिजोरी बंद केल्यासारखा, आणि जुन्या खंडाळ्याच्या वळणांवर स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळायचा, खडी कुठे सुरू झाली, ओल कुठे आहे, सगळं. वजनाने जड गाडी, सरळ रेषेत आजची कुठलीही टर्बो तिला मागे टाकेल. पण मी आज जी गाडी चालवतो (नाव राहू दे) तिच्यात ते हाताला काहीच कळत नाही. १०-१२ एअरबॅग-सेन्सर-कॅमेरा सगळं आहे, रस्ता मात्र नाही.

२००९ ला विकली. मुलगी झाली होती, पेट्रोलचा खर्च झेपेना. आजही पिवळी पॅलिओ दिसली तर मान वळते.

चाकणकर

मी चाकणला एका सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत आहे, त्यामुळे ह्या विषयाकडे थोडं वेगळ्या बाजूने बघतो. किंमत का वाढली ह्याचं उत्तर बरंचसं करात आहे, आणि हा कर आजचा नाही, २००६ चा आहे.

२००६ च्या बजेटमध्ये छोट्या गाडीची व्याख्या आली. लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत, डिझेल १५०० च्या आत. ह्यात बसलात तर एक्साईज कमी, नाही बसलात तर भरा जास्त. ती रेघ आजपर्यंत तशीच आहे, एक्साईज जाऊन जीएसटी आला तरी रेघ हलली नाही. आता आपल्याकडच्या गाड्या ह्या रेघेवर ठेवून बघा. २००५ ची पहिली स्विफ्ट, १.३ पेट्रोल, ८७ हॉर्सपॉवर, हलकीफुलकी, अजून लोक तिच्या नावाने उसासे टाकतात. १२९८ सीसी म्हणजे रेघेच्या बाहेर. २०१० ला १.२ आलं. पोलो जीटीचं इंजिन किती? ११९७. टाटाच्या आल्ट्रोझ रेसरचं? ११९९. हे आकडे इंजिनिअरने मनाने काढलेले नाहीत, करवाल्याने काढून दिलेत.

म्हणून आपल्याकडे हॉट हॅच म्हणजे १.२ च्या आतलं टर्बो, १००-१२० पीएस, ह्याच्या वर गाडी जात नाही. इथे बनलेली एक गाडी मात्र ही रेघ ओलांडून आली, २०१५ ची फियाटची अबार्थ पुंटो. १३६८ सीसी, १४५ बीएचपी, २१२ एनएम, जास्तीचा कर भरूनसुद्धा ९.९५ लाख. रांजणगावला बनायची. आजही मला वाटतं की पैशाच्या हिशोबात भारतात त्याहून चांगली वेगवान गाडी झाली नाही.

आणि एक गोष्ट पुणेकरांनी लक्षात घ्या. पोलो चाकणची, अबार्थ पुंटो रांजणगावची, आल्ट्रोझ पिंपरीची. आपल्या परवडीतल्या बऱ्याच हॉट हॅच आपल्या पुण्याच्या आसपासच जन्मल्यात. मला त्याचा अभिमान आहे, आणि म्हणूनच त्या एकेक करून बंद होताना जास्त लागतं.

घाटवाट

चाकणकर, प्रतिसाद फार आवडला. वाचून मी काल रात्री एक हिशोब मांडला, लाँचची एक्स-शोरूम किंमत भागिले पॉवर. म्हणजे एका पीएसला किती रुपये मोजले.

टियागो जेटीपी (२०१८, ६.३९ लाख, ११४ पीएस): ५६०० रुपये
अबार्थ पुंटो (२०१५): ६८५० च्या आसपास
पोलो जीटी (२०१३, १०५ पीएस): ७६००
आल्ट्रोझ रेसर (२०२४, ९.४९ लाख पासून, १२० पीएस): ७९००
बलेनो आरएस (२०१७, ८.६९ लाख, १०२ पीएस): ८५००
गोल्फ जीटीआय: २०,०००

पहिल्या पाच गाड्या बघा, सगळ्या साडेपाच ते साडेआठ हजारात. मग एकदम वीस हजार. आणि मी चुकत होतो हेही कळलं, कारण वर्षाला साडेपाच टक्के महागाई धरली तर २०१३ चे ७.९९ लाख आज १५-१६ लाख होतात, त्या मानाने रेसर स्वस्तच म्हणायची. म्हणजे छोटी वेगवान गाडी महाग झाली असं नाहीये, तर १५ ते ३५ लाखाच्या मध्ये, दीडशे-दोनशे पीएसची, जी आपण नोकरीत दहा-पंधरा वर्षं काढून घेऊ शकलो असतो, तो जिनाच नाहीये. खालच्या मजल्यावरून थेट गच्ची.

रंकाळा_एक्स्प्रेस

घाटवाट दादा नमस्कार. मी कोल्हापूरचा, वय २७, दीड वर्षापूर्वी ह्युंदाई आय२० एन लाईन घेतलीये, सहा गिअरची मॅन्युअल. गाडी घेताना घरच्यांचं एकच, ह्या पैशात उंच गाडी येते की रे, हे काय जमिनीला चिकटलेलं घेतोयस. वडिलांना तीन वेळा फोंडा घाटातनं फिरवून आणली मग गप बसले, आता स्वतःच किल्ली मागत्यात.

१२० पीएस, १७२ एनएम, चारी चाकाला डिस्क, सस्पेन्शन साध्या आय२० पेक्षा टाईट. गगनबावड्याला सकाळी सहाला जाऊन बघा भावांनो, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात लई मजा येते. तुम्ही सगळे जुन्या गाड्यांच्या आठवणी काढताय ते बरोबर आहे पण आजच्या पोराला जे मिळतंय ते वाईट नाही एवढंच सांगायचंय.

जुनीपॅलिओ

रंकाळा, गाडीबद्दल अभिनंदन, आणि वाईट वाटून घेऊ नका, पण एन लाईनला हॉट हॅच म्हणायचं का ह्यावर माझा थोडा आक्षेप आहे. युरोपात जी खरी आय२० एन होती ती १.६ टर्बो, २०४ पीएस, मॅन्युअल. एन लाईन म्हणजे त्या कपड्यातली साधी बहीण. कंपनीने नाव जवळचं ठेवायचं आणि आपण समाधान मानायचं हे मला पटत नाही.

रंकाळा_एक्स्प्रेस

काका मान्य, नावात मोठेपणा केलाय. पण मला एक सांगा, तुमची पॅलिओ १०० हॉर्सपॉवर आणि माझी १२०. मग तुमची हॉट आणि माझी कोमट कशी? हॉट हॅच पीएसवर ठरवायची की चालवणाऱ्याच्या तोंडावर काय दिसतंय त्यावर?

जुनीपॅलिओ

बरोबर आहे तुमचं. आक्षेप मागे. गाडी जपा, आणि विकू नका.

सावकाश

थोडा वेगळा सूर लावतो. मी नाशिकला राहतो, आठवड्यातून दोनदा कसारा घाट करतो. तुमच्या आवडीचा मान राखून विचारतो, आपल्या रस्त्यावर हे सगळं हवंय कशाला? मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला मर्यादा शंभरची, घाटात साठची, वर कॅमेरे. बाकी रस्त्यांवर खड्डे, समोरून उलटा येणारा ट्रॅक्टर, रस्त्यात बसलेली गुरं. माझ्या चुलतभावाचा मुलगा २३ व्या वर्षी गेला, मित्राच्या वेगवान गाडीत मागच्या सीटवर बसला होता. त्यानंतर ह्या विषयावरची चर्चा वाचताना माझ्या पोटात कालवतं. तुम्ही पोक्त माणसं दिसता, पण हे वाचणारी पोरंही असतील.

घाटवाट

सावकाश, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, आणि पुतण्याचं वाचून खूप वाईट वाटलं.

माझं म्हणणं प्रामाणिकपणे मांडतो. हॉट हॅचची मजा ही साठच्या आतली मजा आहे, निदान माझी तरी. मोठी ताकदवान सेडान किंवा ती गोल्फ, तिच्यात साठला काहीच घडत नाही, तिला जाग यायलाच एकशे वीस लागतात. रविवारी मला तेच खुपलं. उलट हलक्या छोट्या गाडीत वळणाआधी ब्रेक नीट मारणं, योग्य गिअरात असणं, बाहेर पडताना हळूहळू पाय देणं, ह्यातच सगळं येतं आणि ते ४५-५० ला येतं. पहिली गोल्फ जीटीआय १९७६ ला विकायला आली (२०२६ ला पन्नास वर्षं), ११० पीएस आणि वजन ८१० किलो. आजची साडेचौदाशे किलोच्या घरात आहे. पॉवर जवळजवळ अडीचपट झाली पण जवळजवळ साडेसहाशे किलो वजनही चढलं, आणि ते सगळं अंगावर घेऊन मजा यायला वेग लागतो. म्हणून मी हलक्या गाडीच्या बाजूने एवढं बोलतो. ज्याला खरंच शेवटपर्यंत जायचंय त्याने कोईमतूरच्या करी ट्रॅकवर किंवा मद्रासला ट्रॅक डे (रेसच्या बंद ट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस) करावा, रस्त्यावर नाही. ह्यात माझा तुमच्याशी अजिबात मतभेद नाही.

आणि मागच्या सीटवर बसणाऱ्यानेही बेल्ट लावायचा, माझ्या गाडीत त्याशिवाय गाडी सुरू होत नाही.

कॉव्हेंट्रीकर

मूळचा सातारचा, गेली नऊ वर्षं इंग्लंडात. इथलं चित्र सांगतो कारण तुम्हाला वाटत असेल की तिकडे मजा आहे, तर तिकडेही दुकान बंद व्हायला आलंय.

फोर्ड फिएस्टा एसटी, १.५ तीन सिलिंडर, २०० पीएस. २०१८ ला १९ हजार पौंडाच्या आत सुरू व्हायची. नर्स, गॅरेजवाला, कॉलेज संपवलेली मुलं, सगळे घ्यायचे, इथे हॉट हॅच ही खरोखर सर्वसामान्यांची गाडी होती. शेवटी शेवटी पंचविसाच्या पुढे गेली आणि जुलै २०२३ ला फिएस्टाच बंद. रेनॉ मेगान आरएस गेली. आय२० एन आणि आय३० एन २०२४ ला युरोपातून गेल्या. फोकस एसटी २०२५ ला संपली. सिव्हिक टाईप आर २०१७ ला ३०,९९५ पौंड होती, २०२३ ला नवीन आली ती ४६,९९५ ला, आणि आता तीही युरोपातून निघाली. गोल्फ जीटीआय ४० हजारापाशी पोचलीय, आणि इथे ४० हजाराच्या वरच्या पेट्रोल गाडीला पाच वर्षं जादा रोड टॅक्स लागतो.

मूळ कारण धूर. युरोपात कंपनीच्या सगळ्या गाड्यांची मिळून सरासरी सीओटू मोजतात, मर्यादेच्या वर गेली की दर ग्रॅमला दर गाडीमागे ९५ युरो दंड. मर्यादा किलोमीटरला नव्वदीच्या घरात ग्रॅम आणि जीटीआयसारखी गाडी दीडशेच्या वर सोडते. मग कंपनी म्हणते, ही विकायचीच असेल तर इतकी महाग विकू की सरासरी बिघडवण्याचे पैसे तिच्यातूनच निघतील. फ्रान्समध्ये तर अशा गाडीवर नोंदणीलाच भला मोठा कर लागतो. त्यामुळे जी गाडी कामगाराच्या पोरासाठी जन्मली ती आता मॅनेजरची झाली.

माझ्याकडे २०१९ ची एसटी आहे. बायको म्हणते हायब्रिड घेऊ. मी म्हणतो हिला गंज लागेपर्यंत नाही. इथे मीठ टाकतात रस्त्यावर, त्यामुळे दर हिवाळ्यात खालून धुतो आणि मेण लावतो, पोटच्या पोरासारखी.

अनघा_वाशी

पहिल्यांदाच लिहितेय ह्या विभागात. आल्ट्रोझ रेसर माझी आहे, नवऱ्याची नाही, हे आधीच सांगते कारण पेट्रोल पंपापासून सर्व्हिस सेंटरपर्यंत सगळे त्याच्याशी बोलायला जातात.

मला घाट-बीट मारायचा नव्हता. मला हवी होती ती एकच गोष्ट, पाम बीच रोडवर शिरताना किंवा सायन-पनवेलला ट्रकच्या पुढे निघताना पाय दिला की गाडीने लगेच निघावं. आधीच्या गाडीत पाय देऊन वाट बघावी लागायची आणि मागून डंपर. माझ्या लेखी ही चैन नाही, सुरक्षितता आहे. सहा गिअर, ३४५ लिटरची डिकी, मुलाची सायकल अर्धी खोलून मावते. क्लच ट्रॅफिकमध्ये हलका नाही, गुडघा बोलतो, हे खरं.

धाग्यात सगळे गाडी 'हातातून गेली' म्हणतायत, पण शोरूममध्ये विचारलं तेव्हा त्यांच्याकडे रेसरची टेस्ट ड्राईव्हची गाडीच नव्हती. मॅडम उंच गाडी बघा, तिला रिसेल आहे, हे मात्र चार वेळा ऐकवलं. मी अडून बसले म्हणून मिळाली. जी गाडी दाखवतच नाहीत ती विकली कशी जाणार? उद्या ही बंद पडली तर म्हणतील गिऱ्हाईकच नव्हतं.

चाकणकर

अनघाताई, अगदी मर्मावर बोट ठेवलंत, पण अर्धं सत्य आपल्या बाजूलाही आहे. मारुतीची बलेनो आरएस बघा. १.० बूस्टरजेट, इंजिन जपानहून यायचं, मागे डिस्क, हलकी गाडी. लोकांनी घेतली नाही, बीएस६ ह्या प्रदूषणाच्या नवीन नियमांच्या वेळी २०२० ला बंद. तेच इंजिन एप्रिल २०२३ ला परत आलं, फ्रॉन्क्समध्ये, उंच बॉडीत, आणि ती गाडी चालली. इंजिन तेच, कंपनी तीच, बलेनोचाच सांगाडा. फरक फक्त जमिनीपासूनच्या उंचीचा. मग कंपनीने हॅच का बनवावी?

२०१६ ला पोलो जीटीआय आणलेली आठवतेय का? ३ दाराची, १.८ टर्बो, १९२ पीएस, फक्त ९९ गाड्या. २५.९९ लाख. तेवढ्या ९९ सुद्धा खपेनात म्हणून किंमत १९.९९ वर आणली. घाटवाट, तुम्ही म्हणता तो मधला जिना तो हाच होता. बांधून दिला होता. आपण चढलो नाही.

घाटवाट

हे मला मान्य करावं लागेल. २०१७ ला १९.९९ झाली तेव्हा मी शोरूमला जाऊन बसून आलो होतो तिच्यात. घरचं कर्ज चालू होतं. तीन दारं, आई मागे कशी बसणार हेही होतं. घेतली नाही. त्या ९९ मधली एक आज रस्त्यावर दिसली की बघत राहतो.

पण एवढं तरी म्हणेन की २६ लाखाला आलेली पोलो हा मधला जिना नव्हता, बाहेरून आणलेली शिडी होती. इथे बनली असती, पाच दारांची असती, १४-१५ लाखाला असती तर?

चाकणकर

तिथेच परत कर येतो. बाहेरून आणलेल्या गाडीचं गणित सांगतो, आकडे ढोबळ आहेत. गाडी बंदरावर १०० रुपयाला उतरली समजा. ४० हजार डॉलरच्या आतली असेल तर ७० टक्के आयात शुल्क, झाले १७०. त्यावर गोल्फच्या आकाराच्या गाडीला जीएसटी आणि सेस मिळून ४८ टक्के होते, झाले २५२. २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि ४० टक्के झाला, म्हणजे २३८. ह्यात डीलरचं, कंपनीचं काहीच धरलं नाहीये. मग महाराष्ट्रात इम्पोर्टेड गाडीला रोड टॅक्स दुप्पट, २० टक्क्यांपर्यंत. ५३ लाखावर साडेदहा लाख नुसता रोड टॅक्स! तेवढ्यात रेसर येते. आणि ही गाडी येऊ तरी शकली कारण २०१८ पासून वर्षाला अडीच हजारापर्यंत गाड्या इथली चाचणी पुन्हा न करता आणता येतात.

आता चांगली बाजू. त्याच २२ सप्टेंबरला छोट्या गाडीचा जीएसटी २९ वरून १८ वर आला. ४ मीटर, १२०० सीसीच्या आत, तीच जुनी रेघ. म्हणजे छोट्या टर्बो हॅचला इतकी अनुकूल वेळ गेल्या कित्येक वर्षांत आली नव्हती, आणि नेमकी ह्या वेळेला पोलो नाही. एप्रिल २०२२ ला ७०० लीजंड एडिशन काढून बंद केली. १.० टीएसआय, ११० पीएस, ९९९ सीसी, आज १८ टक्क्यात बसली असती. त्या लाईनवर आमचा एक भाग जायचा. शेवटची ऑर्डर गेली त्या दिवशी स्टोअरमधल्या माणसाने एक पीस बाजूला ठेवून घेतला, अजून त्याच्या टेबलावर आहे.

विदर्भवाला

नागपूरहून. मंडळी तुम्ही नवीन-नवीन काय करून राहिले, जुनी घ्या ना. मी २०२१ ची पोलो टीएसआय मॅन्युअल सेकंडहॅन्ड घेतली, पण भाव ऐकून चक्कर येते, बंद पडल्यापासून मालक लोक खालीच येत नाहीत. चार महिने फिरलो, अमरावती, अकोला, रायपूरपर्यंत गेलो. अर्ध्या गाड्यांना रिमॅप मारलेला (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली), विचारलं तर म्हणते स्टॉक आहे, कंपनीची जशीच्या तशी. एक्झॉस्ट बदललेला दिसते, स्टॉक कुठची?

नवीन पोरांसाठी लिहितो. रिमॅप केला की वॉरंटी गेली, आणि इन्शुरन्सला सांगितलं नाही तर क्लेमच्या वेळी डोक्याला हात. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्येच सांगितलं आहे की कंपनीच्या मूळ रचनेत बदल केलेली गाडी चालणार नाही. अन् नागपूरच्या मे महिन्यात ४५-४६ डिग्रीला छोट्या टर्बोला जास्तीचा बूस्ट देणं म्हणजे इंजिनचा जीव घेणं. स्टॉकच ठेवा. चांगले टायर टाका, ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, अलाइनमेंट करा. गाडी निम्मी तिथेच सुधरते.

रंकाळा_एक्स्प्रेस

विदर्भवाला भाऊ +१. टायरचं तर शंभर टक्के. मी कंपनीचे काढून चांगले टाकले, चाळीस हजाराच्या आसपास गेले, पगारातनं सहा महिने हप्ते फेडले पण पावसात गगनबावड्याला जो फरक जाणवला तो कुठल्या रिमॅपनं आला नसता.

कॉव्हेंट्रीकर

एक राहिलं. घाटवाट, तुम्ही चालवलेल्या गोल्फला क्लच नव्हता ना? आता जगात कुठेच मॅन्युअल देत नाहीत तिला, नुसती डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक. १९७६ च्या गाडीची सगळ्यात लाडकी खूण म्हणजे गोल्फच्या चेंडूच्या आकाराची गिअरची मूठ, गुनहिल्ड लिल्येक्विस्ट नावाच्या बाईंची कल्पना, सीटचं चौकड्यांचं कापडही त्यांचंच. कापड राहिलं, चेंडू गेला. तुमच्याकडे सहा गिअरची मॅन्युअल टर्बो हॅच दहा लाखाच्या आसपास नवीन मिळते हे इथे माझ्या ऑफिसात सांगितलं तर लोक विचारतात पाठवता येईल का.

सावकाश

धागा पूर्ण वाचला. घाटवाट, तुमच्या उत्तराबद्दल आभार. मुलगा यंदा १९ चा होईल, त्याला स्विफ्ट हवीये. विदर्भवाला ह्यांनी लिहिलेलं ब्रेक ऑइल आणि टायरचं त्याला वाचायला दिलं. ट्रॅकवर शिकवणारे वर्ग असतात का आपल्याकडे, कोणाला माहीत असेल तर सांगा. रस्त्यावर मित्रांकडून शिकण्यापेक्षा तिथे शिकलेलं मला चालेल.

घाटवाट

सावकाश, कोईमतूर आणि चेन्नईला शिकवतात, मी स्वतः एकदा जाऊन आलोय. दोन दिवसातला पहिला अर्धा दिवस नुसतं ब्रेक कसा दाबायचा आणि नजर कुठे ठेवायची ह्यातच गेला. खाजगी निरोपात सगळं सविस्तर लिहितो, मुलाबरोबर तुम्हीही जा.

बाकी माझं ठरलं. गाडी १ लाख २० हजार झालीये, शॉकॲब्सॉर्बर आणि बुश ह्या वयात कुठल्याही गाडीचे येतात तसे बदलायला आलेत. चारी शॉकॲब्सॉर्बर, खालच्या आर्मचे बुश, टॉप माउंट, टायर, सगळं मिळून ८०-९० हजार सांगतायत. बायको म्हणाली तेवढ्यात नवीन गाडीचं डाउन पेमेंट होईल. मग मी तिला तुमचा हा धागा वाचायला दिला. वाचून म्हणाली, अनघाला विचार रेसरमध्ये मागे सासूबाई बसतील का नीट, नाहीतर हीच करून घे.

अनघा_वाशी

दार नव्वद अंशात उघडतं, माझ्या सासूबाई ७४ च्या, गुडघे दुखतात, आरामात बसतात. पण तुम्ही पोलोच करून घ्या.

चाकणकर

घाटवाट, बुश घ्यायच्या आधी मला फोन करा. त्या टेबलावरच्या माणसाला विचारतो.